बैलांच्या शिंप्याने मागे घेतलेला अर्ज

दुष्काळाच्या वर्षी आमच्या गावच्या दादांनी तात्यांना फसवलं. दिवसाढवळ्या, तात्यांच्याच दुकानात, त्यांच्याच गादीवर बसून फसवलं. मी तिथे हजर होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीचे दोन तरुण सदस्य माझ्या दुकानावर आले होते. गावाच्या पहिल्या बिनविरोध निवडणुकीला पन्नास वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढतायत. "काका, त्या वेळची मानसं आता थोडीच राहिली. तुमी एखादं पान लिहून द्या. अन् जमलं तर एक जाहिरात." जाहिरात देणार नाही. पान देतो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पण मला लिहायला सांगितलं तर मी तात्यांवरच लिहिणार. त्या निवडणुकीतलं लक्षात ठेवण्याजोगं माणूस एकच होतं, आणि ते निवडून आलं नव्हतं.

राहात्यापासून दोन कोसांवर आमचं बाजाराचं गाव. गुरुवारी बैलबाजार भरतो. त्या बाजाराच्या तोंडाशी तात्यांचं दुकान होतं. बैलांच्या तोंडावर बांधायच्या म्होरक्या, हाकायचे कासरे, वेसणी, घुंगरमाळा, झुली, शिंगांना लावायच्या पितळी शेंब्या, पोळ्याचे गोंडे, असा सगळा माल. कुणी धंदा विचारला तर तात्या म्हणायचे, "मी बैलांचा शिंपी." हे ते विनोदाने म्हणत नसत. कारण बैल समोर आणल्याशिवाय ते साधी म्होरकीसुद्धा विकत नसत. शेतकरी सात-आठ मैल चालून यायचा आणि हे विचारायचे, "गिऱ्हाईक कुठं हाय?"

"मीच की, तात्या."

"तू पैसे आननारा. गिऱ्हाईक कुठं हाय?"

मग तो बिचारा परत जाऊन पुढच्या गुरुवारी बैल घेऊन यायचा. तात्या बैलाचं कपाळ बोटांनी मोजायचे, कानामागे हात फिरवायचे, नाव विचारायचे. माणसाचं नाव त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. बैलाला ते 'अहो' म्हणत आणि माणसाला 'अरे'. "अहो राजे, जरा मान वर करा," आणि लगेच मालकाला, "अरे, धर की नीट!"

म्होरकी चढवली की पुढचा सोहळा. दुकानात एक हातभर लांबीचा आरसा होता. तो दोन्ही हातांनी धरून तात्या बैलासमोर उभे राहायचे. एकदा एक शेतकरी पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "तात्या, त्या मुक्या जनावराला काय कळतंय आरशातलं?"

तात्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला तरी काय कळतंय? रोज आरशात बघतोस अन् तरी तीच टोपी घालतोस."

माझी त्यांची पहिली भेट भांडणाने झाली. मी पाथर्डीकडचा. आमच्याकडे पाऊस नावापुरता, त्यामुळे दिवाळी झाली की नवरा-बायकोने ऊसतोडीला निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. लग्नानंतरच्या दुसऱ्या हंगामात आमची गाडी या भागात आली. कासरा तुटला म्हणून मी गुरुवारी तात्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी किंमत सांगितली. मी सवयीने अर्धी केली. ते म्हणाले, "घेऊन जा."

कासरा घेऊन गाडीपाशी गेलो आणि डोकं फिरलं. एवढ्या झटक्यात अर्ध्याला दिला, म्हणजे माल पावपट लायकीचा असणार! तडक परत आलो आणि दुकानासमोर ओरडायला लागलो. बाजार जमा झाला. तात्या शांतपणे गोंडा विणत होते.

"तू मागितला त्या भावात दिला, तरी भांडतोस?"

"एवढ्या लवकर का दिला? फसवलं मला तुमी!"

"तुझ्या डाव्या बैलाचा खांदा सुजलाय. त्यावर तू सोताचा पटका गुंडाळलायस. उघड्या डोक्यानं फिरतोयस उन्हात. म्हनून दिला." मग गोंडा बाजूला ठेवून म्हणाले, "तू भांडतोस झकास. सौदा मात्र लई वाईट करतोस. पुढच्या गुरुवारी ये."

मी गेलो. त्या हंगामाच्या शेवटी आमची टोळी पाथर्डीला परत निघाली तेव्हा मी आणि माझी बायको गेलो नाही. तात्यांच्या दुकानामागे पत्र्याची एक खोली रिकामी होती. तात्यांची बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. "राहा," एवढंच म्हणाले. आज माझी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दोन दुकानं आहेत. लोक म्हणतात मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो. मीही तसंच म्हणतो, कारण गिऱ्हाइकापुढे तसं म्हणणं बरं पडतं. पण या पानावर खरं लिहितो. ती पत्र्याची खोली नसती तर मी दर वर्षी ऊसच तोडत राहिलो असतो.

त्यांनी मला शिकवलं ते असं. घासाघीस करताना मी जनावराला नावं ठेवायचो. पाय वाकडा, डोळा बारीक, चाल मंद. सगळेच तसं करतात, भाव पडतो. तात्यांनी मला बाजूला ओढलं. "जनावराच्या तोंडावर त्याला नावं ठिवून भाव पाडू नको. ते ऐकतंय. आनि त्याचा मालक बी ऐकतोय. त्यानं ते लेकरावानी वाढवलंय. घ्यायचं तर चांगलं म्हनून घे, न्हाईतर पुढं चाल." मला पटलं नव्हतं. तरी करून पाहिलं. चांगला बैल चांगला म्हणून मागितला की विकणारा आपणहून खाली येतो, हे मला तेव्हा कळलं. आजही कुणी जुना ट्रॅक्टर घेऊन आला तर मी आधी त्याचं कौतुक करतो. माझ्या धंद्याची निम्मी बरकत त्यात आहे.

दुसरं माझ्या रागाचं. मला राग आला की तात्या गुंतलेली घुंगरमाळ माझ्या हातात द्यायचे. "एवढा गुंता सोडव. मग हवं तेवढं भांड." मी दात-ओठ खात एकेक घुंगरू सोडवायचो. गुंता सुटेपर्यंत ज्याच्याशी भांडायचं तो माणूस घरी पोचलेला असायचा. वर्षभरात दुकानातल्या सगळ्या माळा सुटल्या. तात्या एकदा म्हणाले, "तुझा राग लई कामाचा हाय रे. गडी ठेवावा लागला न्हाई."

आणि तिसरं, बोटांची भाषा. ज्यांनी बैलबाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा दोघं एका उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडे सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. जमलं की समोरच्याचा पंजा दाबायचा. पंजा दाबला की संपलं. त्यानंतर कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी बैल त्याचाच. कागद नाही, साक्षीदार नाही. आणि तरीही मी त्या बाजारात पंजा दाबून फिरलेला माणूस कधी पाहिला नाही. अट्टल हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी, तोंडाने दिवसभर खोटं बोलायचे, पण उपरण्याखाली नाही. तात्यांना दोन्ही बाजूंचे लोक मध्यस्थ म्हणून बोलवायचे. ते दलाली घेत नसत. घेणाऱ्याने बैलाचा साज त्यांच्याकडून घ्यायचा, एवढीच अट. ते म्हणायचे, "मानसाचं तोंड खोटं बोलंल. बोट न्हाई बोलनार."

एवढी एकच गोष्ट त्यांनी मला चुकीची शिकवली.

दुष्काळ आला तसं आमच्या दुकानाचं रूप पालटलं. कुणी काही घ्यायला येईना. उलट लोक माल घेऊन यायचे. वैरण संपली होती, बैल मिळेल त्या भावात बाजारात निघाले होते. आधी घुंगरमाळ उतरायची, मग बैल जायचा. ती माळ घरी नेववत नाही म्हणून माणसं ती तात्यांच्या पुढ्यात ठेवायची. तात्या ती विकत घ्यायचे नाहीत. "ठेवतो," म्हणायचे. भिंतीवर खुंटी मारून माळ टांगायचे आणि खाली कोळशाने बैलाचं नाव लिहायचे. त्या वर्षी दुकानात जरा वारा आला की सगळी भिंत वाजायची. गावातली मोठी माणसं मग खाली मान घालून पुढे जायची.

पण तात्या निवडणुकीला उभे राहिले ते बैलांमुळे नाही. दोरामुळे.

ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती आहे. तिथे तेव्हा एक जुना आड होता, तेवढंच त्यांचं पाणी. वस्तीतली कोंडाबाई खडी फोडायच्या कामावर जायची. जिभेने फार तिखट बाई. ती पाणी ओढायचा दोर आमच्याकडून न्यायची. पावसाळ्यात तिने बारा हात दोर नेला होता. दिवाळीला आली, म्हणाली, सोळा हात द्या. पुढच्या महिन्यात वीस. तात्या दोर मोजून देत. मग पौषात ती एकदा आली आणि नुसतीच उभी राहिली.

"किती हात देऊ, कोंडाबाई?" तात्यांनी विचारलं.

"आता दोर नगं. आता दोर कितीबी लांब घेतला तरी खाली पानीच न्हाई. पोरी आडात उतरून वाटीनं खरवडून काढत्यात."

ती गेल्यावर तात्यांनी दोर मोजायचा गज खुंटीला लावला. मग मला म्हणाले, "मी पंचायतीला उभा ऱ्हानार."

मी हसलो. "तात्या, तुमाला मानसांशी बोलता येत न्हाई."

"म्हनून तर तू हायस."

मुद्दा असा होता. त्या वर्षी पंचायतीला एक नवी विहीर मंजूर झाली होती. एकच. जागा पंच ठरवणार. दादांच्या मनात ती त्यांच्या पेरूच्या बागेच्या बांधाला व्हायची होती, 'गावाच्या सोयीची' म्हणून. दादा म्हणजे गावचे पुढारी. तेव्हा चाळिशीच्या आतले, गोरे, गोड बोलणारे. सगळे वॉर्ड त्यांनी आधीच जमवून ठेवले होते. सगळं गाव बिनविरोध करून नगरच्या साहेबांपुढे मिरवायचं होतं. आमच्या वॉर्डात, म्हणजे बाजारपेठ आणि वस्तीच्या वॉर्डात, त्यांचा माणूस उभा होता. त्याच्यासमोर कुणी अर्ज भरला नव्हता. तात्यांनी भरला.

तात्यांचा प्रचार बघायला लोक मागे फिरायचे. ते कुठल्याही घरी गेले की आधी गोठ्यात जायचे. गोठे रिकामे व्हायला लागले होते. असलेल्या बैलाची विचारपूस करायची, नसलेल्याची चौकशी करायची, आणि मग परत निघायचे. मी मागून ओरडायचो, "तात्या, मत मागायचं ऱ्हायलं!" एका घरच्या म्हातारीने विचारलंच, "अहो, मत मागायला आलाय का बैल बघायला?"

"आधी बैल. मताला अजून पंधरा दिस हायती."

गुरुवारी बाजारात मी त्यांना एका गाडीवर चढवलं. बोला म्हटलं. त्यांचं सगळं भाषण मला पाठ आहे. "विहीर एक हाय. बिनपान्याची वस्ती एक हाय. जुळतंय का बघा. मी खाली उतरतो." आणि उतरले. बाजार टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस निवडून येईल. वस्तीची सगळी मतं आमची होती. पेठेतली निम्मी फिरली होती.

दादांनाही तेच वाटलं असणार. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते दुकानी आले. बैलजोडी घेऊन आले. त्यांचं पाणी मुबलक, वैरण भरपूर, त्यामुळे बैल असे तकतकीत की त्या वर्षात मी तसे पाहिले नव्हते. दादा पायरीवर बसले आणि म्हणाले, "तात्या, गिऱ्हाईक आनलंय."

तात्यांचा चेहरा फुलला. त्यांनी कपाळं मोजली, 'अहो' झालं, आरसा झाला. दोन महिन्यांनी दुकानात कुणीतरी साज घेत होतं. दादा कौतुकाने बघत होते. म्होरक्या चढवून झाल्यावर दादा गादीवर सरकून बसले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तात्यांच्या आणि स्वतःच्या हातावर पसरलं. "आता तुमच्या भाषेत बोलू."

तात्या म्हणाले, "वस्तीवर विहीर. किती महिन्यांत?"

दादा काहीच बोलले नाहीत. नुसते हसत होते. उपरणं हललं. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. थोड्या वेळाने उपरणं स्थिर झालं आणि तात्या म्हणाले, "तीन. दादानं पंजा दाबला." मग माझ्याकडे वळले. "मी बी दाबू? तुला काय वाटतं?"

इथे मला माझा भाग सांगायचा आहे. तो मी गेल्या रविवारपर्यंत कुणाला सांगितला नव्हता. मी म्हणालो, "सौदा पक्का करा, तात्या. निवडून आला तरी नऊ पंचांत तुमी एकलेच. विहीर आपल्याला मिळतीय, मग निवडनूक कशाला?" मला वाटलं मी फार हुशारीचं बोललो. मला वाटलं मी तयार झालो. तात्यांनी पंजा दाबला, उठून चावडीत गेले आणि निवडणूक अधिकाऱ्यापुढे सही करून आले. दुपारी गावात गुलाल उडाला. सगळं गाव बिनविरोध. नगरहून साहेब आले, हारतुरे झाले, दादा सरपंच झाले.

पहिला महिना गेला. दुसरा गेला. वस्तीतल्या बायका तालुक्याच्या कचेरीवर टँकर मागायला निघाल्या होत्या. तात्यांनी स्वतः जाऊन त्यांना थांबवलं. "विहीर येतीय. दम धरा." मी म्हटलं, तात्या, काही हालचाल दिसत नाही. ते म्हणाले, "पंजा दाबलाय. अजून महिना हाय."

तिसऱ्या महिन्यात कोंडाबाईची सून आडात उतरली होती. वाटीने पाणी खरवडत होती. कडेचा दगड निसटला आणि ती खाली गेली. वीस-बावीस वर्षांची मुलगी. जीव वाचला, पण डाव्या पायाचं हाड असं जुळलं की ती पुन्हा सरळ चालली नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी विहिरीचा नारळ फुटला. दादांच्या पेरूच्या बागेच्या बांधाला.

मी धावत गेलो. हातात घुंगरमाळ द्यायला तिथे कुणी नव्हतं. मी दादांच्या सदऱ्याला हात घातला. "तीन महिने म्हनाला होता! वस्तीवर म्हनाला होता!"

चार माणसांनी मला मागे ओढलं. दादांनी सदरा सारखा केला. आवाज चढवला नाही. "मी काय म्हनालो? माझ्या तोंडातून सबूद निघाला असंल तर सांग की. तू तिथंच होतास." जमलेल्या लोकांकडे बघून हसले. "म्हाताऱ्या मानसाचा हात मायेनं हातात घेतला. त्याचा बी गुन्हा व्हय?"

लोक हसले. त्यात बाजारात रोज उपरण्याखाली हात घालणारी माणसंही होती. त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी हसले. ते मी विसरलेलो नाही.

मी परत येऊन तात्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत. टोपी घातली आणि म्हणाले, "चल. वस्तीवर सांगून येऊ." मला जायचं नव्हतं. पण गेलो. भर उन्हात सगळी वस्ती झाडाखाली जमली. तात्या उभे राहून म्हणाले, "मी अर्ज मागं घेतला तो विहिरीच्या बोलीवर. विहीर मिळाली न्हाई. मी फसलो. माझ्यामुळं तुमी फसला."

मग कोंडाबाई उठली.

"तात्या, विहिरीचं ऱ्हाऊ द्या. विहिरी आमाला आजवर कुनी दिल्या? पर यंदा आमच्या हातात मत हुतं. तुमच्या नावावर शिक्का मारायचा म्हनून आमी चार दिस बोलत हुतो. माझी सासू सत्तरीची, ती बी येनार हुती. तुमी पडला असता तरी चाललं असतं. आमी शिक्का तर मारला असता. तुमी त्ये बी उपरन्याखाली देऊन आला. आमाला इचारलं व्हतं का?"

परत येताना ओढ्याच्या पात्रात तात्या थांबले. मी दादांना शिव्या देत होतो. ते म्हणाले, "गप. तिचं बरुबर हाय. दादानं मला फसवलं ते त्याचं. पर मी जो माल दिला तो माझा नव्हताच. दुसऱ्याचा बैल परस्पर विकनाऱ्याला बाजारात काय म्हन्तात ते तुला ठावं हाय." मला ठाऊक होतं. चोर म्हणतात. आणि त्या सौद्याला मी मान डोलवली होती, तेही त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल ते मला तेव्हा बोलले नाहीत, नंतरही कधी बोलले नाहीत. माझ्यावर त्यांचे जे उपकार आहेत, त्यात हा मी सगळ्यात मोठा धरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी दुकान उघडलं नाही. गाडीवर दोन पिंपं चढवली आणि पाटावर गेले. पाटाला तेव्हा आठवड्यातून थोडं पाणी सोडत, बाकी दिवस डबकी. तिथून भरून त्यांनी ती वस्तीवर नेली. मग रोज नेली. मी बैल हाकायचो, ते मागे चालायचे, पिंप हिंदकळलं की त्यावर हात ठेवायचे. कोंडाबाई पहिले काही दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाणी घ्यायची, मान वळवायची. तात्या म्हणायचे, "बरुबर हाय तिचं." एकदा डाव्या चाकाची लोखंडी धाव निघाली तेव्हा तिनेच आधी येऊन खांदा लावला आणि म्हणाली, "शिंपी चांगले हाय तुमी, गाडीवान न्हाई." तात्या त्या दिवशी दिवसभर खुशीत होते.

पाऊस झाल्यावर आडाला पाणी आलं आणि खेपा थांबल्या. भिंतीवरच्या घुंगरमाळा न्यायला काही लोक आले. पुष्कळ आले नाहीत, त्यांच्याकडे बैलच उरले नव्हते. तात्यांनी मध्यस्थी कायमची सोडली. हेडी विनवायचे, तात्या नको म्हणायचे. त्यामुळे धंदा खालावला. तेव्हा मी लोखंडी फाळ आणि नांगराचे भाग ठेवायला लागलो, त्यातून पुढे सगळं वाढत गेलं. त्याला ते हसायचे. "लोखंडाला आरसा दाखवतोस का रे?"

पुढच्या निवडणुकीला वस्तीतूनच एक जण उभा राहिला, कोंडाबाईचा मुलगा. तात्या त्याच्या मागे दारोदार फिरले. आता गोठ्यात न शिरता ते सरळ माणसांशी बोलायचे. लोकांना नाव घेऊन हाक मारायचे, आणि ते त्यांना फार जड जायचं. मुलगा पडला. त्याच्या पुढच्या वेळी तो निवडून आला आणि वस्तीवर विहीर झाली. तात्यांनी ती पाहिली. तिच्या काठावर बसून ते एक दिवस मला म्हणाले, "त्येंची त्येंनी आनली. माझी गरज नव्हती. बरं झालं." त्याच सालच्या थंडीत ते गेले. खांदा द्यायला वस्ती आली होती, हेडी आले होते, आणि एक शेतकरी आपला बैल घेऊन आला होता.

पंचायतीच्या भिंतीवर लाकडी फळा आहे. त्यावर त्या सालापुढे सोनेरी अक्षरांत 'बिनविरोध' लिहिलंय. तो शब्द मी पन्नास वर्षं वाचतोय. विरोध होता. तो एका म्हाताऱ्याने केला होता, आणि तो त्याच्याकडून काढून घेतला गेला. काढून घेणाऱ्यांत दादा होते. मीही होतो.

दादा, तुम्ही पंच्याऐंशीच्या पुढे आहात. अजून सकाळी बागेत फिरता, कान शाबूत आहेत, वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचता असं ऐकतो. म्हणजे हेही वाचाल. कोंडाबाई गेली. तिची सून आहे. काठी टेकत सगळ्या घराचं करते. गेल्या रविवारी मी तिच्या दारात गेलो आणि तात्यांना 'पक्का करा' म्हणणारा मीच होतो, हे तिला सांगितलं. तिने मला घरात बसवलं, चहा दिला, आणि माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. मी निघताना तिने एवढंच विचारलं, "अन् दादा कधी येनारेत?"

तिचा प्रश्न मी इथे तुम्हालाच विचारतो. ओढ्यावर आता पूल आहे. तुमची मोटार तिच्या दारापर्यंत जाते. दादा, कधी येता?